पाणी न उतरणारा सेल आणि रात्रीची खदखद

पत्र : आमच्याकडे चार वर्षांपूर्वी घेतलेला इन्व्हर्टर आहे. बॅटरी १५० एएचची, ट्युब्युलर. जिन्याखालच्या दाराच्या कपाटात ठेवलेली आहे. गेल्या पंधरवड्यापासून रात्री कपाटातून भाताला उकळी फुटावी तसा खदखद आवाज येतो. सासूबाईंना कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. त्यांना गॅस लीक होतोय असं वाटलं, पण सिलिंडर आणि रेग्युलेटर तपासून घेतले, ठीक आहेत. लाइट गेली की जेमतेम दहा मिनिटं पंखे चालतात, मग इन्व्हर्टर ओरडून बंद पडतो. वायरमन म्हणाला पाणी कमी आहे, भरत राहा. आता दर आठवड्याला डिस्टिल्ड वॉटरची एक लिटरची बाटली लागते. सहापैकी पाच सेलचं पाणी उतरतं, एकाचं अजिबात उतरत नाही. ‘तेवढा एक सेल चांगला राहिलाय,’ असं तो म्हणतो. कपाटाला लागूनच देवघर आहे. शिवाय मुलाने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आहे. तिची बॅटरी काढून तो त्याच पॅसेजमध्ये चार्जिंगला लावतो, आणि तिच्यातूनही अधूनमधून ‘टक्’ असा आवाज येतो. घाबरण्यासारखं काही आहे का?
– एक वाचक, भुसावळ

ताई, हो, आहे. स्कूटरच्या ‘टक्’पेक्षा कपाटातल्या खदखदीचं कारण जास्त गंभीर आहे. ती बॅटरी आत्ता चार्जिंगला असेल तर आधी ती थांबवा, बाकीचं उत्तर नंतर वाचा.

देवघरातला दिवा शांत करा, उदबत्ती विझवा. घराची दारं-खिडक्या उघडा आणि कपाटाचं दारही हळूच उघडं टाका. पॅसेजमधला दिवा किंवा पंखा चालू असेल तर चालू राहू द्या, बंद असेल तर बंदच राहू द्या, म्हणजे त्या बटणाला हात नको. एक्झॉस्ट फॅनही नको. मग मेन बोर्डवर जाऊन इन्व्हर्टरला जाणारा एमसीबी, म्हणजे त्या लाइनची वीज तोडणारा खटका, खाली पाडा. मेन बोर्ड त्याच पॅसेजमध्ये असेल तर बाहेर मीटरजवळ जो मेन स्विच असतो तिथून बंद करा. इन्व्हर्टरच्या शेजारची पिन ओढून काढू नका, कारण पिन निघताना ठिणगी पडते आणि ती नेमकी बॅटरीच्या डोक्यावर पडते.

इन्व्हर्टरच्या पुढचं बटण बंद केलं म्हणजे चार्जिंग थांबलं असं बहुतेकांना वाटतं. पुष्कळ घरगुती इन्व्हर्टरमध्ये ते बटण फक्त बॅकअप बंद करतं आणि मागे मेनची लाइट चालू असेपर्यंत बॅटरी चार्ज होतच राहते. म्हणून एमसीबी. तो पाडल्यावर अर्धा तास हवा खेळू द्या आणि मग पुढचं बटण बंद करा. इन्व्हर्टरच्या लाइनवरचे दिवे-पंखे आता चालणार नाहीत. नवी बॅटरी येईपर्यंत ती लाइन वायरमनकडून थेट मेनवर घेता येते.

चार्जिंग थांबलं की खदखद ओसरायला लागते आणि साधारण तासाभरात शांत होते. आवाज थांबत नसेल, डबा आणखी तापत असेल किंवा धूर दिसत असेल तर जवळ जाऊन पाहू नका. घरातल्यांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. सासूबाईंची खोली कपाटाला लागून असेल तर आजची रात्र त्यांना दुसरीकडे झोपवा. हे का, ते पुढे सांगतो.

आता त्या ‘चांगल्या’ सेलबद्दल. वायरमनने पाहिलं ते बरोबर पाहिलं, पण अर्थ उलटा लावला. ज्या सेलचं पाणी उतरत नाही तोच मेलेला आहे.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि प्रत्येकाचे साधारण दोन व्होल्ट मिळून बारा होतात. प्लेटवरचा मसाला वर्षानुवर्षं झडून तळाशी गाळ साठतो. तो गाळ प्लेटच्या खालच्या कडेपर्यंत पोचला, किंवा दोन प्लेटमधला पडदा फाटला, की धन आणि ऋण प्लेट आतल्या आत एकमेकींना चिकटतात. तो सेल शॉर्ट झाला. त्यातून करंट वाहतो, पण काम काहीच होत नाही. चार्जही होत नाही आणि पाणीही फुटत नाही. म्हणून त्याची पातळी जागच्या जागी राहते.

इन्व्हर्टरच्या चार्जरला यातलं काहीच कळत नाही. त्याला एवढंच ठाऊक की बॅटरी १४.४ व्होल्टपर्यंत न्यायची आणि मग करंट कमी करायचा. सहा सेल धडधाकट असताना प्रत्येकाच्या वाट्याला २.४ व्होल्ट येतात, आणि साधारण तिथेच पाण्याचे बुडबुडे सुटायला लागतात. एक सेल गेला की तेच १४.४ व्होल्ट पाच जणांत वाटले जातात, म्हणजे प्रत्येकाला २.८८. एवढा दाब हे पाच सेल सहन करू शकत नाहीत. बॅटरी १४.४ चा आकडा गाठतच नाही, चार्जर करंट कमी करत नाही, आणि रात्रभर पाच सेलमधलं पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये फुटत राहतं. तुम्ही ऐकता ती खदखद ही. पाणी तापून उकळत नाही, विजेने तुटत असतं. त्यात उष्णताही निर्माण होते, तापलेली बॅटरी आणखी करंट ओढते, आणखी तापते. या चक्राचा शेवट डबा फुगण्यात, तडकण्यात किंवा फुटण्यात होतो.

बॅकअप दहा मिनिटांवर येण्याचं कारणही हेच. बॅटरी १०.५ व्होल्टच्या आसपास आली की बहुतेक इन्व्हर्टर ती रिकामी समजून बंद होतात. पाच सेलची पूर्ण भरलेली बॅटरीसुद्धा विसावल्यावर साडेदहाच्याच आतबाहेर असते. चार्जिंगनंतरचा वरवरचा दाब दहा मिनिटांत उतरला की इन्व्हर्टरने तिला रिकामी म्हणून सोडून दिलं.

पाणी भरत राहिल्याने काय झालं तेही पाहा. एक लिटर पाणी फुटलं तर नेहमीच्या तापमानाला साधारण १,३५० लिटर हायड्रोजन तयार होतो. थोडं पाणी वाफ आणि तुषार होऊन जातं हे धरलं तरी आठवड्याला एक बाटली म्हणजे दिवसाला दीडशे लिटरच्या पुढे हायड्रोजन त्या कपाटात सुटतोय. जिन्याखालचं कपाट तीन फूट रुंद, अडीच फूट खोल आणि चार फूट उंच धरलं तर आत साडेआठशे लिटर हवा मावते. हवेत हायड्रोजन चार टक्के झाला की पेट घेऊ शकतो, आणि साडेआठशेचे चार टक्के म्हणजे अवघे चौतीस लिटर. दार फटीत का होईना हवा सोडतंय म्हणून आजवर निभावलं. हायड्रोजन हवेच्या चौदापट हलका असतो. तो वर चढतो, पायऱ्यांच्या खालच्या कोनाड्यात साठतो आणि फटीतून शेजारी जातो. शेजारी तुमचं देवघर आहे. हायड्रोजनला पेटायला निरांजनही लागत नाही, कृत्रिम धाग्याच्या साडीचा किंवा स्वेटरचा चटका बसतो ना, तेवढी ठिणगी पुरते.

कुजक्या अंड्यांचा वास हायड्रोजनचा नाही, हायड्रोजनला वासच नसतो. अति चार्ज होऊन तापलेल्या बॅटरीत ॲसिडमधल्या गंधकाचा हायड्रोजन सल्फाइड हा वायू होतो, वास त्याचा. तो विषारी आहे. डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं, डोकं दुखणं, मळमळणं ही त्याची लक्षणं. त्याची वाईट खोड अशी की प्रमाण वाढलं किंवा बराच वेळ हुंगत राहिलं की नाक बधिर होतं आणि वास ‘गेला’ असं वाटतं. वास कमी झाला म्हणून धोका टळला असं समजू नका. सासूबाईंना दुसऱ्या खोलीत झोपवायला सांगितलं ते यासाठी. सिलिंडर तपासून घेतलात हे उत्तम केलंत. स्वयंपाकाच्या गॅसच्या वासाशी याची गल्लत सहज होते, आणि दोन्ही बाबतींत पहिली कृती एकच असते : ज्योत विझवायची, बटणांना हात लावायचा नाही, हवा मोकळी करायची.

सगळेच आवाज वाईट नसतात हेही सांगायला हवं, नाहीतर उद्या नव्या बॅटरीलाही घाबराल. पाणी घालायच्या बॅटरीतून चार्जिंगच्या शेवटच्या तास-दोन तासांत हलकी बुडबुड ऐकू येणं ठीक आहे. ती सहाही सेलमधून सारखी येते आणि बॅटरी भरल्यावर चार्जर साडेतेरा ते पावणेचौदा व्होल्टवर उतरला की जवळपास थांबते. काही इन्व्हर्टर अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन सगळे सेल एका पातळीवर आणतात, तेव्हा बुडबुड जोरात होते, पण काही तासांत संपते. लाइट जाता-येताना इन्व्हर्टरमधून येणारा ‘टक्’ रिलेचा असतो. सतत ‘गूं’ येतं ते ट्रान्सफॉर्मरचं.

टर्मिनलपाशी तडतड किंवा चरचर ऐकू आली तर मात्र खदखदीइतकीच घाई करा. तिथे क्लॅम्प ढिला झालेला असतो किंवा खाली पांढरी-हिरवी बुरशी साचलेली असते, आणि करंट उड्या मारत जात असतो. म्हणजे ठिणग्या. बुडबुडणाऱ्या बॅटरीवर ठिणग्या म्हणजे स्फोटाला लागणारं सगळं साहित्य एका जागी आलं. क्लॅम्प चालू स्थितीत आवळायला जाऊ नका. आधी एमसीबी, मग हवा, मग पाना. झाकणाच्या छिद्रातून बारीक शीळ येत असेल तर छिद्रं धुळीने किंवा ॲसिडच्या खरपुडीने बुजली आहेत. बॅटरी थंड असताना ती बुचं काढून साध्या पाण्यात धुवा, वाळवा आणि परत बसवा. त्यावर प्लॅस्टिक किंवा कापड कधीही झाकू नका. कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये किंवा काही इन्व्हर्टरवर जी सीलबंद बॅटरी असते तिच्यातून तर आवाज यायलाच नको. ती फुसफुसली, तापली किंवा फुगली तर तिचं काम संपलं.

आता खात्री करून घ्या. एमसीबी पाडून, बॅटरी पूर्ण थंड होऊन तीन-चार तास उलटले, खोलीत वास राहिला नाही, डबा फुगलेला किंवा तडकलेला नाही, एवढं असेल तरच. नसेल तर मोजमाप सोडा आणि थेट डीलरच्या माणसाला बोलवा.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून दोन टर्मिनलवर लावा. भरलेली, विसावलेली ट्युब्युलर बॅटरी १२.४ ते १२.६ व्होल्ट दाखवते. तुमची बहुधा १०.४ च्या आसपास दाखवेल. पण नुसत्या व्होल्टेजवर निकाल देऊ नका, पार रिकामी झालेली धडधाकट बॅटरीही एवढंच दाखवू शकते. त्यासाठी हायड्रोमीटर हवा. काचेची नळी, वर रबरी फुगा आणि आत तरंगणारा काटा, बॅटरीच्या कुठल्याही दुकानात मिळतो. डोळ्यांवर गॉगल आणि हातात रबरी मोजे घालून एकेका सेलचं पाणी नळीत ओढा, काटा मोकळा तरंगू द्या, नजर पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचा, आणि पाणी त्याच सेलमध्ये परत सोडा. हा आकडा म्हणजे सेलमधलं ॲसिड साध्या पाण्याच्या किती पट जड आहे ते. भरलेल्या ट्युब्युलर सेलचा आकडा १.२२० ते १.२४० असतो. सहाही सेल सारखेच खाली असतील तर बॅटरी फक्त उतरलेली आहे. पाच वर आणि एक १.१०० च्या आसपास असेल, किंवा त्या सेलमध्ये काटा उठतच नसेल, तर निदान पक्कं. ०.०३० ते ०.०५० पेक्षा जास्त तफावत म्हणजे तो सेल आजारी. नुकतंच पाणी घातलं असेल तर ही मोजणी फसवी येते, कारण वरचं पाणी खालच्या ॲसिडमध्ये मिसळलेलं नसतं.

मेलेला सेल जिवंत करणारी पावडर, ‘सेल धुऊन देतो’, ‘नवीन ॲसिड भरून देतो’ असले उपाय कोणी सुचवले तर पैसे घालवू नका. चिकटलेल्या प्लेट ॲसिड बदलून सुटत नाहीत, आणि धुताना निघणारं शिसं घरात येतं. वॉरंटीचं कार्ड मात्र आधी शोधा. ट्युब्युलर बॅटरीला अनेकदा तीन ते पाच वर्षांची वॉरंटी असते आणि एका सेलचा शॉर्ट हा दावा करण्याजोगा दोष आहे. बॅटरीवर कोरलेला क्रमांक आणि मोजलेले सहा आकडे लिहून ठेवा, डीलरशी बोलताना उपयोगी पडतील.

बॅटरी काढण्याचं काम शक्यतो डीलरच्या माणसाकडून करून घ्या. घरच्या घरी केबल सोडवावीच लागली तर हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ आणि गळ्यातलं मंगळसूत्र आधी काढून ठेवा. सुती कपडे घाला. पाना बहुधा १२ किंवा १३ नंबरचा लागतो. त्याची दांडी पूर्णपणे इन्सुलेशन टेपने गुंडाळा, फक्त तोंड उघडं ठेवा. इथला खरा धोका शॉकचा नाही, बारा व्होल्टचा शॉक बसत नाही. धोका पाना एकाच वेळी दोन्ही टर्मिनलला टेकण्याचा आहे. अशा वेळी हजाराहून अधिक अँपिअर करंट त्या पान्यातून जातो, पाना लालभडक होऊन चिकटतो, वितळलेलं शिसं उडतं, आणि वर हायड्रोजन असेल तर तो पेटतो. आधी ऋण, म्हणजे काळी केबल सोडवा, तिच्या टोकाला टेप गुंडाळून बाजूला वळवा, मग लाल. लावताना उलट क्रम : आधी लाल, शेवटी काळी. भरलेली १५० एएचची बॅटरी पन्नास-साठ किलो भरते. एकट्याने उचलू नका, आणि आडवी तर क्षणभरही करू नका, कारण बुचांतून ॲसिड सांडतं.

त्या ‘पाण्यात’ वजनाने सुमारे एक तृतीयांश गंधकाम्ल असतं हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. अंगावर उडालं तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा आणि किमान पंधरा-वीस मिनिटं धुवा. भिजलेले कपडे आधी काढा. डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून पाणी सोडत राहा, लेन्स असेल तर निघेल तेव्हा काढा, आणि धुणं न थांबवता कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. लिंबू, हळद, तूप, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका. जमिनीवर सांडलं असेल तर एक लिटर पाण्यात साधारण शंभर ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून ओता, फेस येईल. फेस थांबेपर्यंत ओतत राहा आणि मग भरपूर पाण्याने धुवा. हाच सोडा टर्मिनलवरची बुरशी काढायलाही चालतो. फक्त बुचं घट्ट बंद असायला हवीत, कारण सोडा सेलमध्ये गेला की आतलं ॲसिड मरतं. टर्मिनल कोरडं करून क्लॅम्प आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या.

नवी बॅटरी लावण्याआधी एक गोष्ट चुकवू नका. पंधरवडाभर अति करंट ओतणारा चार्जर स्वतः धड आहे ना ते पाहा. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडायचं बटण असतं. ते ट्युब्युलरवर आहे का पाहा. सीलबंद बॅटरी लावणार असाल तर तिच्या सेटिंगवर न्या, नाहीतर ती काही महिन्यांत सुकून जाईल. नवी बॅटरी पहिल्यांदा पूर्ण भरत आली की टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. सहाही सेल चांगले असताना नेहमीच्या चार्जिंगमध्ये आकडा १४.८ च्या वर जात असेल तर चार्जर दुरुस्त करून घ्या.

भुसावळच्या मे महिन्याचाही यात हात आहे. चार्जिंगचे आकडे साधारण पंचवीस अंशांसाठी ठरवलेले असतात. तापमान एक अंश वाढलं की बारा व्होल्टच्या बॅटरीला साधारण ०.०२ ते ०.०३ व्होल्ट कमी द्यायला हवेत. बाहेर ४५ अंश असताना बंद कपाटात त्याहून जास्त असतं, म्हणजे १४.४ व्होल्ट तिला अर्ध्या व्होल्टने तरी जास्त पडतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. म्हणून नवी बॅटरी पुन्हा जिन्याखाली नको. सावलीची, हवेशीर जागा बघा. उत्तम म्हणजे बंदिस्त नसलेली गॅलरी किंवा मागचा व्हरांडा, जिथे ऊन आणि पाऊस थेट लागत नाही. कपाटच वापरायचं असेल तर दाराला खाली आणि वर, दोन्हीकडे किमान अर्धा फूट गुणिले अर्धा फूट जाळ्या काढा, म्हणजे खालून गार हवा आत येईल आणि वरून वायू बाहेर पडेल. वरची जाळी देवघराच्या बाजूला नको. खाली लाकडी फळी किंवा ॲसिडने खराब न होणारा प्लॅस्टिकचा ट्रे ठेवा, आणि चारी बाजूंनी चार बोटं जागा सोडा. त्या कपाटात रॉकेल, थिनर, जुनी वर्तमानपत्रं असलं काही नको.

पाणी फक्त डिस्टिल्ड, आणि तेही चार्जिंग संपल्यावर, वरच्या खुणेपर्यंतच. प्लेट उघड्या पडल्या असतील तर आधी प्लेट बुडेपर्यंत घाला, चार्ज करा आणि मग पातळी पूर्ण करा. आरओचं पाणी चालत नाही, त्यात क्षार शिल्लक असतात. बोअरचं तर अजिबात नको. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी ‘शुद्ध’ म्हणून साठवतात, पण ते कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण घेऊन येतं. पाणी कमी झालं म्हणून ॲसिड घालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. धडधाकट ट्युब्युलर बॅटरीला तीन-चार महिन्यांतून एकदा पाणी लागतं. महिन्याच्या आत लागायला लागलं तर पाण्याची बाटली आणण्याआधी मल्टिमीटर आणा.

जुनी बॅटरी नव्याच्या बदल्यात डीलरलाच द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार त्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि आतल्या शिशामुळे तुम्हाला तिचे पैसेही मिळतात. शंभर-दोनशे जास्त मिळतात म्हणून दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. तो ती कुठेतरी वस्तीत फोडतो, ॲसिड गटारात जातं आणि शिशाची धूळ तिथल्या लहान मुलांच्या पोटात. शिशाने मुलांच्या मेंदूवर झालेला परिणाम भरून येत नाही.

राहिला स्कूटरचा ‘टक्’. त्या बॅटरीत लिथियमचे सेल असतात आणि त्यांच्यावर देखरेख करणारं एक सर्किट. चार्जिंग सुरू होताना किंवा संपताना ते आतला रिले चालू-बंद करतं, त्याचा एखादा ‘टक्’ नेहमीचा आहे. चार्जरचा पंखा फिरतो तो आवाजही ठीक. चार्जिंगच्या मधेच पुन्हा पुन्हा टकटक व्हायला लागली तर ते सर्किट काहीतरी बिघडल्यामुळे चार्जिंग तोडत आहे असं समजा, चार्जर काढा आणि बॅटरी सर्व्हिस सेंटरला दाखवा. फुगा सोडल्यासारखी ‘सूंऽऽ’, फटाक्याच्या लवंगीसारखे फट् फट् आवाज, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर वास, किंवा पांढरा धूर यांपैकी काहीही झालं तर बॅटरी उचलून बाहेर न्यायचा विचारही करू नका. सेल फुटून आतला ज्वालाग्राही वायू बाहेर येत असतो आणि पुढचा भडका काही सेकंदांत होऊ शकतो. तो धूर विषारीही असतो. माणसं बाहेर काढा, बाहेर पडताना दार ओढून घ्या, १०१ ला फोन करा. विझल्यासारखी वाटलेली लिथियम बॅटरी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही पुन्हा पेटते, म्हणून ती घरात परत आणायची नाही.

म्हणून मुलाला जागा बदलायला सांगा. पॅसेज ही घरातून बाहेर पडायची वाट आहे, तिथे आग लागली तर आत असलेले अडकतात. तळमजल्यावर, हवेशीर ठिकाणी, फरशीवर, पडद्यांपासून आणि गाद्यांपासून लांब चार्जिंग करावं. अर्थिंग असलेलं चांगलं सॉकेट वापरावं, एक्स्टेंशन बोर्ड नको. गाडी चालवून आल्यावर बॅटरी हाताला गार लागेपर्यंत, निदान अर्धा-पाऊण तास, थांबावं. चार्जर कंपनीचाच वापरावा. दिसायला पिन जुळते म्हणून दुसऱ्या गाडीचा, विशेषतः लेड-ॲसिड बॅटरीचा चार्जर लावणं हे आगीचं ठरलेलं कारण आहे. रात्री लावून झोपू नये. गाडी पडली असेल, पॅकला पोचा आला असेल किंवा पुराच्या पाण्यात बुडाली असेल, तर वरून ठीक दिसली तरी तपासल्याशिवाय चार्ज करू नये. दुचाकींच्या बॅटरीसाठीचे एआयएस-१५६ या सुरक्षा मानकाचे कडक केलेले नियम २०२२ च्या डिसेंबरपासून आणि २०२३ च्या मार्चअखेरीपासून अशा दोन टप्प्यांत लागू झाले. मुलाची गाडी त्याआधीची किंवा जुनी विकत घेतलेली असेल तर एकदा सर्व्हिस सेंटरमध्ये पॅक तपासून घ्या, आणि पॅक आधी कुणी उघडून सेल बदललेत का, हे आवर्जून विचारा.